पायाखालचा लाव्हा: डोंगरवाटांवर पळणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात डोंगरवाटांवर पळण्याविषयी बरीच पत्रं आली. काही वाचक फेब्रुवारीत न्यूझीलंडमधल्या रोटोरुआला तारावेरा अल्ट्रामॅरेथॉन पळायला निघाले आहेत, तर काहींनी येऊर-खारघरच्या टेकड्यांवर नुकती सुरुवात केली आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न: आम्ही चौघांनी तारावेराच्या ५० किलोमीटरला नाव नोंदवलं आहे. सराव येऊरला करतो. सह्याद्री ज्वालामुखीतून झाला, रोटोरुआचा प्रदेशही ज्वालामुखीचाच. मग इथला सराव तिथे चालून जाईल ना? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: दमासाठी आणि मांड्यांसाठी चालेल, पण पाऊल टाकण्याची सवय वेगळी करावी लागेल. दोन्ही जमिनी ज्वालामुखीतून आलेल्या असल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर साचून काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. येऊरच्या वाटेवर वर मुरूम, खाली बेसाल्ट आणि मध्ये सुटे धोंडे लागतात ते त्यामुळेच. रोटोरुआकडचा लाव्हा सिलिकाने (वाळूतलं मुख्य द्रव्य) भरलेला, दाट आणि चिकट. तो सहज वाहत नाही, आत वायू कोंडतो आणि स्फोट होतो. रोटोरुआचं तळं हे अशाच एका प्रचंड उद्रेकानंतर, सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी, जमीन खचून झालेल्या खळग्यात आहे. त्यामुळे तिथे पायाखाली कातळ कमी आणि राख व प्युमिस जास्त. प्युमिस म्हणजे फेसासारखा भोकाभोकांचा, पाण्यावर तरंगेल इतका हलका दगड.

तारावेरा डोंगराचा १० जून १८८६ चा उद्रेक मात्र या नियमाला अपवाद होता. डोंगर चिकट लाव्ह्याचा, पण त्या रात्री बाहेर पडला तो बेसाल्ट, म्हणजे आपल्या कातळाच्याच जातीचा. सुमारे १७ किलोमीटर लांबीची भेग पडली, गुलाबी आणि पांढऱ्या सिलिकाच्या जगप्रसिद्ध पायऱ्या गेल्या, ते वैरोआ हे गाव राखेखाली गाडलं गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. डोंगराचा माथा आज माओरींच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मालकीच्या जमिनीवर आहे आणि तिथे वाटाड्याबरोबरच जाता येतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी सहज वर जाऊन येऊ असा बेत कुणी करू नये.

आता पळण्यापुरतं. प्युमिसच्या जमिनीत पाणी झटकन मुरतं. पाऊस पडून गेल्यावर आपल्यासारखा चिखल बराच वेळ राहत नाही. पण कोरड्या दिवसांत टणक वाटेवर प्युमिसचे बारीक खडे पसरलेले असतात. उतारावर, विशेषतः वळणावर, पाय त्यावरून सटकतो. तेच खडे बुटात शिरून मोजा घासतात आणि दहाव्या किलोमीटरला आलेला फोड तिसाव्याला फुटतो. यासाठी कापडी, ताणले जाणारे गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी आवरणं, लावा. वजन नगण्य आणि उपयोग मोठा.

दुसरी अडचण मुळांची. ब्लू लेक (माओरी नाव तिकितापू), ओकारेका, ओकाताइना या तळ्यांच्या बाजूच्या जंगलवाटांवर मुळं आडवी-तिडवी पसरलेली आहेत आणि हजारो बुटांनी घासून ती गुळगुळीत झाली आहेत. मुळावर पाय देऊच नका, ओलांडून पुढे टाका. द्यावाच लागला तर पाऊल मुळाला काटकोनात पडू द्या, मुळाच्या लांबीवर कधीच नाही. येऊरला जानेवारीनंतर सागाची मोठी वाळकी पानं वाटेवर पडतात आणि त्याखालचे धोंडे दिसत नाहीत. तिथे गुडघा जरा जास्त उचलून, पाऊल सपाट ठेवत सावकाश पळण्याचा सराव करा. मुळांवर हीच सवय कामाला येते.

वाकारेवारेवा जंगलातल्या रेडवुडखाली मात्र सगळं उलट आहे. १९०१ मध्ये लावलेली ही कॅलिफोर्नियाची झाडं आता ७० मीटरच्या आसपास गेली आहेत आणि खाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर आहे. तिथे पाय आपोआप वेग धरतात. शर्यतीच्या सुरुवातीला हा टप्पा आला तर स्वतःला आवरा. शर्यतीचा मार्ग वर्षागणिक थोडाफार बदलतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा आणि चढ-उताराचा आलेख पाहून कुठला टप्पा कुठे येतो ते आधीच लिहून ठेवा.

प्रश्न: आमच्याकडे सगळं सपाट. पाम बीच रोडवर २०-२५ किलोमीटर आरामात होतात, पण खारघरच्या टेकडीवरून उतरल्यावर दोन दिवस जिना उतरवत नाही. आठवड्यातून एकदाच डोंगरावर जाता येतं. इमारतीच्या जिन्याचा उपयोग होईल का? (नेरूळ)

उत्तर: होईल, आणि चढण्यापेक्षा उतरण्यासाठी जास्त होईल. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलतो. या कामाची त्याला सवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. सपाट रस्त्यावर कितीही पळालात तरी ही तयारी होत नाही. चांगली गोष्ट अशी की एकदा नीट उतरण झाली की पुढचे काही आठवडे स्नायू त्याच ताणाला बरेच कमी दुखतात. म्हणून उतरणीचा डोस थोडा पण नियमित हवा.

हिशेब साधा आहे. एक मजला साधारण ३ मीटर. २० मजली इमारत म्हणजे ६० मीटर, आणि १० फेऱ्या म्हणजे ६०० मीटर चढ आणि तेवढाच उतार. पहिल्या आठवड्यात ३ फेऱ्यांवर थांबा, मग दर आठवड्याला एक-दोन वाढवा. बरेच जण जिन्याने चढून लिफ्टने उतरतात. त्यात नेमकी जी गोष्ट कमवायची तीच सुटते. चढताना कठड्याला धरू नका. उतरताना एक-एक पायरी, पाऊल अलगद, आणि कठडा हाताशी राहील इतक्या अंतरावर.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जिना नेहमी एकाच बाजूला वळतो. तासभर उतरलात तर बाहेरच्या बाजूच्या पायावर सतत जास्त भार येतो आणि त्या गुडघ्याची बाहेरची बाजू कुरकुरायला लागते. इमारतीला उलट वळणाचा दुसरा जिना असेल तर फेऱ्या वाटून घ्या. नसेल तर प्रत्येक वळणावर पूर्ण थांबून, चालत वळा.

आठवड्यातला डोंगराचा एक दिवस लांब उतारासाठी राखा. उतारावर मागे रेलून टाचांवर ब्रेक लावायची सवय असेल तर ती आधी मोडा. टाच पुढे रुतली की सगळा धक्का गुडघ्यात जातो आणि बूट सटकला तर माणूस थेट पाठीवर पडतो. घोट्यापासून किंचित पुढे झुका, पावलं आखूड आणि भरभर पडू द्या, हात थोडे बाजूला ठेवा आणि नजर तीन-चार मीटर पुढे. पायापाशी बघत उतरलात तर दगड दिसेपर्यंत तुम्ही त्यावर असता.

रोटोरुआसारखं तळं, जंगल आणि ज्वालामुखीची जमीन एकत्र हवी असेल तर माथेरान तुमच्यापासून लांब नाही. उंची सुमारे ८०० मीटर, मोटारींना बंदी, दाट झाडी आणि मध्ये शार्लट तलाव. पनवेलच्या बाजूने धोदाणीहून सनसेट पॉइंटला चढणारी वाट भरपूर चढ देते. वरची लाल माती म्हणजे बेसाल्ट लाखो वर्षं ऊन-पावसात कुजून झालेला जांभा. कोरड्यात त्यावर भुकटी आणि गोल खडे असतात. रोटोरुआच्या प्युमिसवर पाय जसा सटकतो त्याचा अंदाज घ्यायला मुंबईजवळ यापेक्षा चांगली जागा आमच्या माहितीत नाही. घोड्यांना वाट द्या आणि त्यांच्या मागून धावत जाऊ नका. शार्लट तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात पाय बुडवायचे नाहीत. खाणं पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातून हिसकावतात.

शर्यत पळणार असाल तर शेवटची मोठी उतरण तिच्या दोन ते तीन आठवडे आधी आटपा. शेवटच्या आठवड्यात जिनाही नको.

प्रश्न: पावसाळ्यात ट्रेलचे खास बूट घेतले, तरी ओल्या कातळावर पाय सरकतोच. तळाला चांगले खोल दात आहेत. दुकानदार वॉटरप्रूफ बूट घ्या म्हणतो. (कळवा)

उत्तर: वॉटरप्रूफ घेऊ नका. आपल्या पावसात पाणी वरून, घोट्यापाशी शिरतं आणि मग वॉटरप्रूफ बुटाच्या आतला पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. जाळीच्या कापडाचा, पाणी चटकन सोडणारा बूट बरा.

सरकण्याचं कारण दातांमध्येच आहे. दात चिखलात रुततात, कातळात रुतत नाहीत. कडक दगडावर फक्त दातांची टोकं टेकतात आणि धरायला रबर कमी उरतं. तिथे रबर किती मऊ आहे याला महत्त्व आहे. नखाने दाबल्यावर किंचित दबणारं रबर ओल्या दगडावर बरं धरतं, पण ते लवकर झिजतं. चिखल आणि कातळ दोन्ही असलेल्या आपल्या वाटांना ४ मिलिमीटरचे दात आणि मऊ रबर हा मधला मार्ग आहे. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. जागा कमी पडली तर उतारावर नखं काळी पडतात.

मात्र शेवाळ धरलेल्या बेसाल्टवर कुठलंच रबर भरवशाचं नाही. तिथे चालायचं. ओढा ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरा. वर डोंगरात पाऊस पडला की खाली कोरडं असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात बंदी असते ती तिथे माणसं बुडाली आहेत म्हणून. ती पाळाच.

घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, आणि पंख्याखाली ठेवा. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवलात तर तळव्याचा गोंद सुटतो. पायावर जखम असताना साचलेल्या पाण्यातून गेला असाल आणि पुढच्या काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली असं काही जाणवलं तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोची शंका लवकर यावी म्हणून.

प्रश्न: तीन तासांच्या पळण्यात साडेतीन लिटर पाणी पितो, तरी शेवटी मळमळतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात. अजून पाणी वाढवू का? (खारघर)

उत्तर: वाढवू नका. सुजलेली बोटं, मळमळ आणि डोकेदुखी एकत्र असतील तर पाणी जास्त आणि मीठ कमी झाल्याची शंका आधी घ्यायला हवी. घामातून सोडियम जातं, वर नुसतं पाणी प्यायलं की रक्तातलं उरलेलं सोडियम पातळ होतं. ते १३५ मिलिमोल प्रतिलिटरच्या बरंच खाली गेलं तर गोंधळ, उलट्या, झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. एखादा सोबती असंबद्ध बोलू लागला तर त्याला आणखी पाणी पाजू नका, रुग्णालयात न्या आणि किती पाणी प्यायला ते डॉक्टरांना सांगा. तुम्हाला हे वरचेवर होत असेल तर पुढच्या लांब पळण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा.

तुमचा घाम किती जातो ते मोजा. तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ६५ किलोचे ६४ झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात, तर घाम दीड लिटर. त्याच्या निम्म्या ते सत्तर टक्क्यांपर्यंत परत भरलं की पुरे. सगळा घाम पळता पळता भरून काढायचा नसतो. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पिणं नक्कीच जास्त झालं. ऑक्टोबर आणि जानेवारी अशा दोन्ही हवांत मोजा, आकडे खूप वेगळे येतील. रोटोरुआची फेब्रुवारीतली हवा आपल्यापेक्षा थंड असते. इथल्या सवयीने तिथे पाणी पीत राहिलात तर हाच त्रास जास्त होईल.

घरगुती पेय असं करा: ७५० मिलिलिटर पाणी, ४५ ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ (सपाट पाव चमचा, म्हणजे चहाच्या चमच्याचा), एका लिंबाचा रस. साखर साधारण सहा टक्के राहते, ती पोटाला झेपते. साखर दुप्पट केली तर पेय पोटातच रेंगाळतं आणि मळमळतं. हे पेय चार-पाच तासांत संपवा, आपल्या उकाड्यात ते आंबतं. औषधाच्या दुकानातलं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच विरघळवा. मोठं पाकीट एका लिटरचं असतं. ते अर्ध्या लिटरमध्ये कालवू नका.

खाण्यातून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, केळं चालतं. चिक्की चालते, पण चढावर धापा टाकताना तिचे कण घशात अडकतात, म्हणून सपाटीवरच खा. दुखतंय म्हणून पळताना आयब्युप्रोफेनची गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते.

प्रश्न: माझा मुलगा पहाटे पाचला एकटा येऊरला पळायला जातो, कानात गाणी लावून. बिबट्याचं नाव काढलं की हसतो. मी उगाच घाबरते आहे का? (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर: ताई, तुमची काळजी रास्त आहे. येऊर हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा कायमचा वावर आहे. पहाट आणि तिन्हीसांजा या त्यांच्या हालचालीच्या वेळा. तुमच्या मुलाने दोन गोष्टी आजच बदलाव्यात: पूर्ण उजाडल्याशिवाय पायथ्याच्या उपवन तलावाच्या वर जायचं नाही आणि कान मोकळे ठेवायचे. तीन-चार जण मिळून, बोलत जावं. बुटाची नाडी बांधायला झुडपाशेजारी खाली बसू नये, कारण वाकलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. घरचा कुत्रा बरोबर नेणं तर नकोच.

दिसलाच तर पळायचं नाही. ताठ उभं राहून, हात वर करून, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं आणि त्याच्या निघण्याची वाट मोकळी ठेवायची. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ फोनमध्ये असू द्या.

दुसरं असं की हे वन्यजीवांचं राखीव जंगल आहे. वनखात्याच्या नाक्यावरच्या वेळा आणि परवानगीचे नियम पाळायचे, गावच्या रस्त्यावरून जंगलातल्या ढोरवाटांवर मनाने शिरायचं नाही. पाड्यांतून जाताना वेग कमी करावा. ती लोकांची अंगणं आहेत.

प्रश्न: वाटेवर साप चावला तर काय करायचं? दोरी बांधायची का? (घणसोली)

उत्तर: दोरी बांधू नका, चीर देऊ नका, चोखू नका. अंगठी, घड्याळ, घट्ट मोजा काढा, कारण सूज येते. चावलेला पाय फळीला किंवा काठीला बांधून हलू देऊ नका आणि माणसाला स्वतःच्या पायांनी पळत खाली आणू नका, उचलून आणा. १०८ ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही जातींवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका. मण्यार चावल्यावर दुखत नाही, सूजही येत नाही. त्यामुळे काही होत नाही असं समजून घरी झोपणं सगळ्यात घातक. न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी निश्चिंत असावं, तिथल्या जंगलात साप नाहीत.

प्रश्न: गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या गरम कुंडांसारखीच रोटोरुआची कुंडं आहेत ना? शर्यतीनंतर त्यात डुंबलं तर पाय मोकळे होतील का? (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर: उष्णता वेगळ्या ठिकाणची आहे. गणेशपुरीचं पाणी भेगांतून खोल जाऊन तिथल्या स्वाभाविक उष्णतेने तापून वर येतं, जवळ जिवंत ज्वालामुखी नाही. रोटोरुआखाली मात्र आजही तप्त शिलारस आहे. तिथे वाफाळत्या जागी आखलेली वाट सोडायची नाही. वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी किंवा चिखल असू शकतो. तारावेरा ट्रेलच्या शेवटी, १५ किलोमीटरवर, तळ्याकाठी हॉट वॉटर बीच आहे. तिथेही आधी हाताने पाणी तपासा आणि डोकं कधीच बुडवू नका. गरम नैसर्गिक पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. तो आजार विरळा आहे, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. शर्यतीनंतर लगेच गरम पाण्यात बसल्याने भोवळही येते. आधी खा, प्या, मग तास-दोन तासांनी थोडा वेळ बसा. जवळचं रोतोकाकाही, म्हणजे ग्रीन लेक, माओरींसाठी पवित्र आहे. त्यात उतरायचं नाही.

प्रश्न: बूट, काठ्या, खाणं घेऊन न्यूझीलंडच्या विमानतळावर अडचण येते असं ऐकलं. काय नेऊ, काय नको? (सीबीडी बेलापूर)

उत्तर: त्या देशात बाहेरची माती, बी आणि कीड येऊ नये याची काटेकोर तपासणी होते. निघण्याआधी भरायचं प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन आणि मोफत आहे. वापरलेले बूट आणि खाण्याचा प्रत्येक पदार्थ त्यात जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू नाकारली तर ती ठेवून घेतात, इतकंच. जाहीर न करता सापडली तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर होतो.

बूट निघायच्या पाच दिवस आधी धुवा, आदल्या रात्री नाही. आपल्या दमट हवेत ते वाळत नाहीत. तळाच्या दातांमधली माती जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढा, आतला तळवा बाहेर काढून त्याखालचे खडे झटका. काठ्यांची टोकं, गेटरची शिवण, पाठपिशवीचा तळ इथे गवताचं बी अडकलेलं असतं. मध, ताजी फळं, बिया आणि दुधाचे पदार्थ नेऊच नका. तुपातले लाडू घरी ठेवा. पाकीटबंद जेल आणि गोळ्या न्या, वेष्टण न फोडता. शर्यतीत खायचा बटाटा आणि केळं तिथल्या दुकानात मिळतं.

आयोजकांच्या सक्तीच्या सामानाची यादी शब्दशः पाळा. पावसाचं जाकीट मागितलं असेल तर शिवणी आतून टेप लावून बंद केलेलं आणि टोपी असलेलं घ्या. इथला पोंचो तिथे चालत नाही आणि वाऱ्यात अंगावर टिकतही नाही. ते जाकीट इथल्या पावसात तासभर घालून पाहा. हवा गार वाटली तरी तिथलं ऊन फार तीव्र असतं. एसपीएफ ५० चं क्रीम मानेला, कानांना आणि पोटऱ्यांना मागून लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. फेब्रुवारीत तिथलं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं. पहाटेची शर्यत म्हणजे आपली आदल्या रात्रीची झोपायची वेळ. शक्य असेल तर शर्यतीच्या पाच-सहा दिवस आधी पोहोचा आणि पहिल्या दोन सकाळी उजेडात नुसतं चाला.